चाकोरी, वाफसा आणि चार चाकं



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या प्रमाणांपाशी थांबलो होतो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या चौघांची ओळख झाली आणि शेवटच्या पाच मिनिटांत एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, ज्ञान झालं हे ठीक, पण झालेलं ज्ञान खरं आहे हे ओळखायचं कशावरून?" वेळ संपली होती, म्हणून प्रश्न आजवर ढकलला. या प्रश्नाला आम्ही वर्गात वर्षानुवर्षं ठरलेली उदाहरणं देत आलो. दोरीचा साप, शिंपल्याची चांदी, मृगजळ. देऊन देऊन ती इतकी गुळगुळीत झाली आहेत की ऐकणाऱ्याचं मन त्यावर ठरतच नाही. तेव्हा आज उदाहरण चिखलाचं घेऊ. तेही आमच्या कळमनुरीच्या चिखलाचं. आम्ही स्वतः सहकुटुंब त्यात रुतलो होतो, त्यामुळे आधार पक्का आहे.

झालं असं. दिवाळीला मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं पुण्याहून आली. मुलानं नवी गाडी घेतलेली, चारही चाकं ओढणारी, फोर बाय फोर. पुण्याच्या वाहतुकीत तिचा उपयोग काय हा प्रश्न आम्ही केला नाही. सुनेनं आधीच केला होता असं दिसलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलं की डबे बांधायचे आणि दिवसभर आडवाटेनं हिंडायचं. कयाधूच्या काठाकाठानं जायचं, जमलं तर इसापूर धरणाचं पाणी लांबून बघायचं आणि संध्याकाळी परत. नातू नऊ वर्षांचा. तो म्हणाला, "आबा, आपण ऑफरोड जाणार." आम्ही म्हणालो, जाऊ या. आमच्या लहानपणी सगळंच ऑफरोड होतं, त्याला वेगळं नाव नव्हतं.

इथे एक शब्द थांबून बघण्यासारखा आहे. आपण 'चाकोरीबाहेर' म्हणतो. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर पाडलेली खोल रेघ. एकदा चाक तिच्यात पडलं की गाडीवानाला कासरा हलवायची गरज नाही, बैल झोपेतसुद्धा घरी नेतात. त्यावरून ठरीव आयुष्याला आपण चाकोरी म्हणू लागलो. गंमत अशी, की चाकोरीबाहेर जायला निघालेली गाडी जिथून जाते तिथे नवी चाकोरी पाडते. हे सुचलं मात्र संध्याकाळी, तोवर पाडून झालेली होती.

गाडीची थोडी माहिती घेऊ, कारण पुढच्या मुद्द्याला ती लागते. ही गाड्यांची जात दुसऱ्या महायुद्धातली. 1941 पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. युद्धानंतर तीच विलीज जीप मुंबईत जुळवली जाऊ लागली, महिंद्रांकडे, आणि आजची थार नाशिकला बनते. मराठवाड्याच्या खेड्याला जीप माहीत झाली ती मात्र सहलीची गाडी म्हणून नव्हे. जीप म्हणजे तहसीलदार, जीप म्हणजे निवडणूक, 1972च्या दुष्काळात जीप म्हणजे कामावर हजेरी तपासायला आलेला साहेब. नंतर काळी-पिवळी आली आणि एका जीपमध्ये किती माणसं मावतात या प्रश्नाला उत्तर नाही असं सिद्ध झालं.

आता साधी मोटार चिखलात का अडकते? आस दोन्ही चाकांना जोडतो, पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून मध्ये डिफरन्शियल बसवलेलं असतं, ते दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतं. सडकेवर हा गुण आहे. चिखलात तोच दोष होतो, कारण एक चाक घसरायला लागलं की फिरणं सगळं त्याच्याकडे जातं. ते गरगर फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक स्वस्थ उभं राहतं. फोर बाय फोरमध्ये इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना वाटला जातो, म्हणजे कुठलं तरी चाक धरण्याची शक्यता वाढते. शिवाय एक खालचा टप्पा असतो, त्याला फोर-लो म्हणतात. त्यात गाडी माणसाच्या चालीनं जाते, पण ओढ कितीतरी वाढते. दगडधोंड्यांवरून चढायचं ते यातच, हळू.

आणि बैलगाडी? तिच्या चाकाला अरुंद लोखंडी धाव, रबर नाही, नक्षी नाही. तरी ती चिखलातून जायची. कारण बैलगाडीचं चाक जमिनीला ढकलत नाही, ते फक्त वजन वाहतं. ढकलायचं काम बैलाच्या खुराचं, आणि खूर दुभंगलेला, चिखलात पसरतो आणि उचलताना मिटतो. मोटारीत वाहणं आणि ढकलणं दोन्ही कामं एकाच चाकावर टाकली, तिथे सगळी अडचण सुरू झाली. हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बैलगाडीच घ्या." असो.

पहिला मुद्दा ओढ्याशी आला. कयाधूला मिळणारा एक ओढा आडवा आला, पाणी वाहतं होतं. (कयाधू हे प्रल्हादाच्या आईचं नाव. इतकं सुंदर नाव असलेली नदी आमच्याकडे आहे हे पुण्याच्या नातवंडांना कळावं म्हणून सांगितलं. त्यांचं लक्ष पाण्यात होतं.) मुलगा विचारू लागला, खोल किती असेल? नात बारा वर्षांची, ती म्हणाली, "जिथे पाणी खळखळतंय तिथे उथळ आहे, कारण खाली दगड आहेत. जिथे गप्प आहे तिथे खोल." आम्हाला फार आनंद झाला. हे शुद्ध अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. तसं पाण्याला खळखळ आहे, म्हणून तळ जवळ आहे. जिथे जिथे खळखळ तिथे तिथे उथळपणा, ही व्याप्ती.

पण नैयायिक इथे थांबत नाहीत. ते विचारतात, उपाधी तर नाही ना? उपाधी म्हणजे न सांगितलेली अट. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण असं: धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण उलट, अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण ही उपाधी. आपल्या ओढ्याची उपाधी कोणती? तळ नदीनंच घडवलेला असणं. आमच्या लहानपणी ही अट सांगावी लागत नव्हती. आता आपल्या नद्या-ओढ्यांतून वाळू उपसली जाते, यंत्रांनी खड्डे पडतात आणि खळखळीपासून चार हातांवर पुरुषभर डोह असू शकतो. पाणी वरून काहीच सांगत नाही. नातीची व्याप्ती चुकीची नव्हती. ज्या जगात ती खरी होती ते जग आपण उकरून ठेवलं.

म्हणून काय केलं? सोपं. मुलानं पँट वर केली, हातात काठी घेतली आणि ज्या रेषेत गाडी न्यायची त्या रेषेनं आधी स्वतः चालून गेला. पाणी गुडघ्याच्या खाली. मग गाडी नेली, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता. हा नियमच समजा: जिथे पायानं जायची हिंमत नाही तिथे गाडी घालू नये. आणि पाणी जोरात वाहत असेल तर पायही घालू नये. साधारण 60 सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना ढकलून नेतं, मग चाकं चार ओढोत की दोन. दर पावसाळ्यात पुलावरून पाणी असताना 'आपली गाडी उंच आहे' म्हणून लोक घालतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी वाचायला मिळते.

त्या काठीवरून एक आठवलं. मॉरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1945 साली प्रसिद्ध केलेल्या संवेदनाविषयक ग्रंथात आंधळ्याच्या काठीचा विचार केला आहे. सवय झाल्यावर काठी ही हातातली वस्तू राहत नाही, स्पर्श तिच्या टोकाला जाऊन बसतो. त्याच जागी त्यानं मोटारीचंही उदाहरण दिलं आहे: सराईत चालक अरुंद जागेतून जाताना गाडीची रुंदी आणि जागेची रुंदी मोजून तुलना करत नाही, जाता येईल हे त्याला दिसतंच. गाडी त्याचं शरीर झालेली असते. मुलाचं शरीर अजून पुण्याच्या डांबरापर्यंतच पोचलं होतं, हे आम्हाला तासाभरात कळणार होतं.

जेवणं झाली. आमच्या सौंनी केलेल्या धपाट्यांबद्दल बोलायला लागलो तर न्यायशास्त्र राहून जाईल. दुपारी तीनच्या सुमारास परत फिरलो ते एका पाणंदीनं. तिच्यात पुढे बाभळी आडव्या आल्या होत्या, म्हणून मुलानं गाडी शेजारच्या मोकळ्या वावरात घातली. सोयाबीन निघालेलं, रान रिकामं, वर ऊन पडलेलं, माती वरून सुकलेली, भुरी दिसत होती. परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वी पडून गेलेला. आम्ही पुढे बसलो होतो. मुलानं विचारलं, "बाबा, जाईल ना?" आम्ही म्हणालो, "जाईल, कोरडंच आहे." हे प्रत्यक्ष ज्ञान. डोळ्यांना दिसत होतं. वीस-पंचवीस हात गाडी गेली आणि बसली.

काळ्या मातीचा स्वभाव थोडा समजून घेऊ. दख्खनचा हा सगळा पठारी प्रदेश सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्या बेसाल्टची झीज होऊन आपली काळी माती झाली. तिच्यात चिकणमातीचा अंश फार, आणि ती चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची, म्हणजे पाणी प्यायली की फुगणारी. सुकली की आक्रसते, उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पुन्हा पाऊस येतो, खालची माती फुगून वर येते. मृदाशास्त्रात या मातीला व्हर्टिसॉल म्हणतात, आणि ते नाव उलटणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलं आहे. स्वतःला स्वतः नांगरणारी जमीन. वरचे दोन बोटं सुकते तेव्हाही खाली लोणी असतं. चाक फिरलं की टायरच्या नक्षीत ही माती भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि मग चार चाकं ओढणारी गाडी म्हणजे चार खड्डे करणारी गाडी. मुलानं जोर दिला. जितका जोर, तितकी खाली. शेवटी गाडीचं पोट मातीला टेकलं आणि चाकं अधांतरी फिरू लागली. नातू टाळ्या वाजवत होता. त्याच्या दृष्टीनं सहल आता सुरू झाली होती.

थोड्या वेळानं वावराचे मालक आले. तिशी-पस्तिशीचा माणूस. आम्हाला वाटलं रागावणार. तो आधी वाकला, चाकाजवळची मूठभर माती उचलली, दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकला. गोळा फुटला नाही, थपकन चिकटला. मग म्हणाला, "काका, वापसा यायचाय अजून. म्या सवता दोन दिस झालं पाय घालंना गेलोय."

वाफसा हा शब्द शहरी मराठीतून गेलाच म्हणायचा. पावसानंतर जमिनीत एक अवस्था येते, जेव्हा मातीच्या कणांमधल्या पोकळीत ओल असते आणि हवाही असते. पाणी जास्त झालं की हवा नाही, मुळं गुदमरतात. अगदी सुकलं की ओल नाही. मधली ती वेळ म्हणजे वाफसा. पेरणी, वखरणी तेव्हाच करायची. वाफसा नसताना जड चाक फिरलं की पोकळ्या दाबल्या जातात, हवा निघून जाते, सुकल्यावर त्या जागी विटेसारखा थर बसतो. त्यातून पाणी मुरत नाही आणि मूळ शिरत नाही. तो माणूस हरभरा पेरायला दोन दिवस थांबला होता ते यासाठी. आणि आम्ही दीड-दोन टनांची गाडी घेऊन त्याच्या वावरात मजा करायला उतरलो होतो.

आता मूळ प्रश्नाकडे या. ज्ञान खरं की खोटं हे कशावरून कळतं? नैयायिकांचं उत्तर असं: कृती करून. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली. तर पाण्याचं ज्ञान खरं. गेलो आणि वाळू निघाली, तर खोटं. याला प्रवृत्तीचा संवाद आणि विसंवाद म्हणतात. ज्ञानाचं खरेपण त्या ज्ञानाच्या बाहेरून कळतं, म्हणून हे परतःप्रामाण्य. मीमांसकांना हे मान्य नाही, त्यांचं म्हणणं पुढच्या वेळी. आमचं 'कोरडं आहे' हे ज्ञान वीस-पंचवीस हातांत विसंवादी ठरलं. इथवर पुस्तकातलंच.

पण लगेच शंका येते, आणि ती जुन्यांनीही घेतली आहे. प्रत्येक ज्ञान कृती करूनच तपासायचं तर माणूस विहिरीत पडूनच विहीर ओळखणार का? वाचस्पती मिश्रांसारखे नैयायिक इथे भेद करतात. विषय अनोळखी असेल, म्हणजे अनभ्यासदशा असेल, तर कृतीनंतरच कळतं. विषय सवयीचा असेल तर नव्या ज्ञानाची जात ओळखू येते: हे त्या जातीचं ज्ञान आहे, जे आजवर खरं निघालं. तिथे कृतीच्या आधीच खात्री होते. तो शेतकरी अभ्यासदशेत होता. मूठभर माती, एक गोळा, झालं. आम्ही अनभ्यासदशेत. आम्ही कळमनुरीत जन्मलो, वडिलांबरोबर वखरामागे चाललो, हा शब्द आम्हाला येत होता. पण पन्नास वर्षं हातानं मातीचा गोळा केला नव्हता. शब्द राहिला, अभ्यास गेला. डॉक्टरेट याच विषयातली, ज्ञानाच्या प्रामाण्यावरची. घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे गाडीत कुणी काही बोललं नाही.

यात एक गोष्ट मात्र आम्हाला पुस्तकात सापडलेली नाही. नैयायिकांच्या उदाहरणात तहानलेला माणूस स्वतः चालत जातो आणि फसला तर स्वतःच तहानलेला राहतो. जो तपासतो तोच किंमत मोजतो. आमच्या बाबतीत प्रवृत्ती आमची होती आणि विसंवाद दुसऱ्याच्या वावरात. आम्हाला एक दुपार आणि सांगायला गोष्ट मिळाली. ज्ञानाची चाचणी कुणाच्या जमिनीवर घेतली, हा प्रश्न ज्ञानशास्त्रात मोडतो की नीतिशास्त्रात, याचं उत्तर आमच्याकडे तयार नाही. पण यापुढे परतःप्रामाण्य शिकवताना आम्ही तो सोडणार नाही.

गाडी कशी निघाली ते ऐका. त्यानं गावातून ट्रॅक्टर बोलावला, पण वावरात आणला नाही, कडेच्या मुरमाड पट्ट्यावर उभा केला. लांब साखळी लावली. आधी आमच्या टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास कमी करायला सांगितली, म्हणजे टायर पसरतो आणि भार जास्त जागेवर वाटला जातो. फावड्यानं पोटाखालची माती काढली, चाकांपुढे तुराट्यांच्या पेंढ्या टाकल्या, आणि आलो त्याच रेघेतून मागे ओढून काढली. नवी रेघ पडू दिली नाही. मुलानं पैसे पुढे केले. ट्रॅक्टरवाल्याचं डिझेल घेतलं, स्वतःचं काही घेतलं नाही. उलट म्हणाला, "तुमची गाडी निघाली. आमच्यात पावसाळ्यात पेशंट असला की ह्याच पाणंदीनं बाजेवर घालून न्यावं लागतंय."

हे आमच्या डोक्यातून जात नाही. आम्ही जिला 'ट्रेल' म्हणून सहलीला निवडलं ती त्याची रोजची वाट होती. गावाच्या नकाशात अशा वाटा असतात. गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी, पायमार्ग एका तुटक रेघेनं. त्यावर कुणी अतिक्रमण केलं तर 1906च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे 1966च्या कायद्याच्या, कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. 2021 साली पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं राज्याची योजनाही सुरू झाली. तरी भावकीच्या भांडणात आणि बाभळींत किती वाटा बुजल्या ते तालुक्यात फिरलं की दिसतं. ज्या बाभळींमुळे आम्ही वावरात उतरलो, त्याच बाभळींमुळे त्याला ट्रॅक्टर वळसा घालून आणावा लागतो.

या गाड्या घेतलेल्या श्रोत्यांनी विचारलं होतं, म्हणून व्यवहाराचं दोन शब्दांत सांगतो. जंगल मोकळं दिसलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालायची नाही. नदीचं पात्र हे मैदान नाही. 2023च्या डिसेंबरात लाहौलला चंद्रा नदीतून एकानं गाडी चालवली, चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी मोटार वाहन कायद्याखाली दंड केला. शेतात जायचं तर मालकाला विचारायचं, आणि विचारताना 'जाऊ का' एवढंच न विचारता 'वाफसा आहे का' असं विचारायचं. उत्तर कसं ऐकायचं तेही त्यांच्याकडूनच कळेल.

माघात मुलं पुन्हा आली तेव्हा आम्ही त्या वावराकडे गेलो, या वेळी एस.टी.नं आणि पुढे पायी. हरभरा घाट्यावर आलेला. मधून दोन पट्टे गेलेले, समांतर, तिथली झाडं वीतभर खुजी आणि विरळ. नातवानं दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि म्हणाला, "आबा, ही आपलीच गाडी." मालकानं त्याला ओंजळभर सोलाणा दिला.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या वेळेसारखा अवघड प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवू नका, एवढी विनंती.